गवतावरची रेघ

२७ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरांनी माझ्या रक्तदाबाबद्दल लोरेनच्या मनात काहीतरी भरवून दिलंय. तिने ही वही आणून माझ्यापुढे टाकली. "जे मला सांगत नाहीस ते हिला सांग," म्हणाली. निदान मला तरी असंच ऐकू आलं. बायको हल्ली फार पुटपुटते.

तर आजची गोष्ट. अमेरिकन फुटबॉलच्या संघांसाठी कॉलेजच्या पोरांच्या निवडीचा दुसरा दिवस. आमची पाळी आली तेव्हा आमच्या यादीत दोन नावं उरली होती, आणि मी टेबलावर मूठ आपटून एक नाव घेतलं. ओडेल गिड्री, लुइझियानाच्या दलदलीतला, कोळंबी धरणाऱ्यांच्या घरातला. साडेसहा फूट उंच, तीनशे पौंडांच्या वर वजन, आणि एवढ्या देहाखाली पाय मात्र नाचणाऱ्या पोरीचे. लँडिस, म्हणजे आमचा मुख्य प्रशिक्षक, माझ्याकडे बघत राहिला.

"कॉलेजात तो उजवीकडे खेळलाय, गेरी. उजवीकडे आपला कप्तान आहे. मला माणूस डावीकडे हवाय."

"उजव्याचा डावा करायला मला एक उन्हाळा पुरे."

"तुझ्या शब्दावर घेतोय. लक्षात ठेव."

लक्षात न राहायला काय झालं? चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे जी पाच धिप्पाड माणसांची फळी उभी राहते, ती माझ्या ताब्यात आहे. आमचा हॅरिगन उजव्या हाताने फेकतो, म्हणजे फेकताना त्याची पाठ डावीकडे वळते. डाव्या टोकाचा माणूस चुकला की मागून कोण येतंय हे हॅरिगनला दिसतही नाही. गेल्या नोव्हेंबरात असाच त्याचा खांदा मोडला. त्या आवाजाने मला अजून दचकायला होतं. माझा करारही यंदा संपतो. हे पोरगं नाही चाललं तर आम्ही दोघं एकाच दारातून बाहेर.

टीव्हीवर त्याचं घर दाखवत होते. लँडिसचा फोन गेला तेव्हा पोराने घाईघाईने फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि ऐकताऐकताच रडायला लागला. घाबरलाय बिचारा, असं मी सगळ्यांना म्हटलं. खरं तर घाबरलो मी होतो.

११ मे, शुक्रवार

नवी पोरं आली. गिड्री बोलायला गोड. "हो सर, नाही सर" याशिवाय तोंडातून काही नाही. बोलणाऱ्याकडे मान वळवून असं बघतो की आपण काही फार मोलाचं सांगतोय असं वाटायला लागतं. लोरेनने कधीतरी असं ऐकावं.

सकाळी मात्र एक प्रकार झाला. आमच्या बैठकीच्या खोलीत उजव्या भिंतीकडची कोपऱ्यातली खुर्ची ऑस्ट्रँडरची. तो डावा गार्ड, गिड्रीच्या लगतचा, फळीतला सगळ्यात जुना गडी. मिनेसोटाचा. सगळे त्याला ऑझी म्हणतात. त्याच्या खुर्चीला कोणी हात लावत नाही. गिड्री जाऊन नेमका तिथेच बसला. ऑझी मागून आला, भिंतीच्या बाजूने त्याच्यावर वाकला आणि म्हणाला, "नव्या, ऊठ. ती तुझ्या सासऱ्याची जागा आहे."

गिड्री समोर फळ्याकडे बघत बसून राहिला. ढिम्म.  मला वाटलं, पहिल्याच दिवशी मारामारी. पण ऑझी त्याच्याकडे थोडा वेळ नुसता बघत राहिला, मग वळसा घालून आला आणि त्याच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसला. तेव्हा कुठे गिड्रीने त्याच्याकडे वळून हसून "गुड मॉर्निंग, सर" केलं.

उर्मट की मंद, अजून ठरत नाही. दोन्ही असला तर माझं कल्याणच आहे.

१२ जून, मंगळवार

 लँडिसला दर आठवड्याला अहवाल लागतो, आणि आजच्या अहवालात काय लिहावं कळत नाही.

ताकद आहे. पाय आहेत. हात लोखंडाचे. पण फळीतला मधला गडी, सेंटर, चेंडू मागे हॅरिगनकडे सोडतो तेव्हा पोरगं उशीर करतं. पापणी लवावी एवढाच उशीर, पण आमच्या धंद्यात तेवढ्यात माणूस आडवा होतो. हॅरिगन मागून पुकारा देतो, आणि कोणत्या शब्दाला चेंडू सुटणार हे फक्त आपल्याच माणसांना ठाऊक असतं. समोरच्यांवर आपली आघाडी असते ती तेवढीच. गिड्री ती आघाडी रोज फुकट घालवतो. चौघं सुटतात आणि हा मागून, पाहुण्यासारखा.

वाटलं, डाव पाठ नसतील. फळ्यापुढे उभं करून विचारले. एक चुकला नाही. उलट सेंटरने काय करायचं तेही सांगितलं.

"मग उशीर कशाचा?"

"सुधारतो, सर."

"आणि चेंडूकडे काय बघतोस मान वाकडी करून? डोळे समोरच्यावर. कान हॅरिगनकडे. कळलं?"

"हो सर."

दुपारनंतर डोळे समोर ठेवले आणि आणखी उशीर केला. उजव्याचा डावा करताना काही जणांच्या डोक्यातलं यंत्रच उलटं फिरतं म्हणतात. तसं असेल तर उन्हाळा पुरायचा नाही. लँडिसने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "रुळतोय." हा शब्द मी यापूर्वी दोघांबद्दल वापरला होता. त्यातला एक आता विमा विकतो.

१७ जून, रविवार

फळीचं जेवण आमच्याकडे. दर वर्षी असतं. लोरेनने कोबीच्या पानांतले खिम्याचे गोळे, पिएरोगी म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, आणि तळलेला पर्च मासा केला होता. माझ्या आजीच्या पद्धतीचं पोलिश जेवण एवढ्या वेगाने संपताना पाहिलं की भीती वाटते. टेबल हलत होतं.

गिड्रीला मी माझ्या डाव्या हाताला बसवलं होतं, नीट बोलता यावं म्हणून. तो उठला, "माफ करा" म्हणाला आणि टेबलाच्या पार टोकाच्या खुर्चीत गेला. मला टाळतोय. साहजिक आहे, दिवसभर मी त्याच्यावर खेकसत असतो. ऑझी आणि बाकीचे त्याची टर उडवत होते, "नव्या, पाणी आण, नव्या, गाणं म्हण," आणि तो आनंदाने सगळं करत होता. कॉलेजचं गाणं म्हटलं, तेही बेसूर.

ती मंडळी गेल्यावर लोरेन म्हणाली, "तो ओडेल किती लक्ष देऊन ऐकतो. माझ्या तोंडावरची नजर हलत नव्हती."

"तुझ्या पिएरोगीवरची असेल."

"आणि बसतो अगदी तुझ्यासारखा," ती म्हणाली. बरं वाटलं. ताठ बसणारी माणसं हल्ली राहिली नाहीत.

मग सिंककडे तोंड करून ती आणखी काहीतरी पुटपुटली. रोज सकाळी मी निघतानाही तिचं हेच. तिची पाठ आणि नळाचं पाणी. मी ठरलेलं उत्तर देतो, "हो, कचरा नेतो." मोज्यांच्या खणातल्या त्या डबीवरून तिने पुन्हा विषय काढला. कानात प्लास्टिकचा दाणा घालून मैदानावर जायला मी काही म्हातारा झालेलो नाही. माणसांनी स्पष्ट बोलावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

३० जुलै, सोमवार

सराव शिबिर सुरू होऊन थोडेच दिवस झालेत आणि गिड्री वेळेवर सुटतोय. सगळ्यांबरोबर, एका दमात. आज आमच्या सगळ्यात वेगवान गड्याला त्याने अख्खा दिवस हॅरिगनच्या जवळ फिरकू दिलं नाही. मी लँडिसला म्हटलं, "सांगितलं नव्हतं?" पावलांचे माझे जुने धडे कामाला आले. रात्री झोप लागेल असं वाटतंय.

३ ऑगस्ट, शुक्रवार

चित्रफीत बघताना एक खोट सापडली. सुदैवाने वेळेत. ऑझी गिड्रीला फार चिकटून उभा राहतो. त्याचा डावा बूट जवळजवळ गिड्रीच्या उजव्या बुटावर. फळी अशी आखूड झाली की टोकाला वळसा घालणाऱ्याला रस्ता जवळचा होतो. शाळेतल्या पोरांनाही हे शिकवतात, आणि हा एवढी वर्षं खेळलेला माणूस!

मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "तुझं लग्न लागलंय का त्याच्याशी? अंतर ठेव."

"मला असं बरं वाटतं, कोच."

"मला नाही वाटत."

"राहू द्या की, कोच."

"का राहू देऊ?"

ऑझीने गिड्रीकडे पाहिलं. गिड्री गवताकडे बघत होता. "काही नाही," ऑझी म्हणाला.

मग मी स्वतः चुन्याची गाडी आणली आणि दोघांच्या मधे गवतावर पांढरी रेघ मारली. ऑझीचा बूट रेघेच्या इकडे, गिड्रीचा तिकडे. हातभर अंतर. दिसायला किती छान दिसत होती फळी.

७ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा उशीर. आधीपेक्षा वाईट. शनिवारपासून एकदाही वेळेवर सुटलेला नाही. ऑझीने मला "कोच, ती रेघ—" असं काहीसं म्हणायला सुरुवात केली. मी म्हटलं, रेघेबद्दल एक शब्द नको. त्याचं वय झालंय, जास्त जागा राखायला जमत नाही, म्हणून कुरकुर.

गिड्रीला खोलीत बोलावून विचारलं, "घरी काही आहे का? मुलगी? आई आजारी?"

"नाही सर. सगळं ठीक आहे."

 एवढा मोठा देह, आणि खुर्चीच्या कडेवर टेकलेला. मला त्याची दया आली आणि लगेच रागही आला.

१२ ऑगस्ट, रविवार

काल घरच्या मैदानावर पहिला सराव सामना. लिहावंसं वाटत नाही.

आपले लोक शहाणे आहेत. आमच्याकडे चेंडू असला की गप्प बसतात, हॅरिगनचा पुकारा नीट ऐकू यावा म्हणून. अशा शांततेत गिड्री उभाच राहिला. समोरचा त्याच्या खांद्यावरून वाऱ्यासारखा गेला आणि हॅरिगनला मागून, नेमका नोव्हेंबरात मोडलेल्या त्याच खांद्यावर धडकला. हॅरिगन गवतात तोंड खुपसून पडून राहिला.  तो उठला, हात फिरवून पाहिला, माझ्याकडे न बघता बाजूला येऊन बसला. त्याची बायको वर तिसऱ्या रांगेत होती. ती उभीच होती.

नंतर लोकांनी गिड्रीच्या नावाने जे सुरू केलं ते इथे लिहीत नाही. आमच्या संघाचं नाव ग्लेझियर्स, म्हणजे काचवाले. वार्ताहरांना आयतं मिळतं. सकाळच्या पेपरात मथळा, "टोलेडोची नवी काच, पहिल्याच धक्क्याला तडा."

लँडिस म्हणाला, "एक सप्टेंबरला यादी कापायची आहे. तोवर बघतो. मग तू आणि मी बोलू." माझ्याशी काय बोलणार ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

१९ ऑगस्ट, रविवार

डोकं चालेनासं झालंय. काल बाहेरगावी सामना, छत असलेलं मैदान. तिथले लोक इतके ओरडतात की शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. अशा ठिकाणी पुकारा चालत नाही, मुकी खूण चालते. सेंटर मान खाली घालतो, वर करतो, आणि सगळे डोळ्याच्या कडेने ती मान बघून सुटतात. भल्याभल्यांची तिथे गाळण उडते.

गिड्री खेळला असा, की मी दहा वर्षांत कुणाला तसा खेळताना पाहिलं नाही. हॅरिगनच्या कपड्यांना गवताचा डाग नाही. विमानात हॅरिगनने त्याच्या डोक्यावर टपली मारली.

परतताना मी विचार करत होतो आणि मला उलगडलं. पोराला घरच्या मैदानावरच्या लोकांची भीती वाटते. आपली माणसं गप्प बसून बघतात, त्या शांततेचं त्याला दडपण येतं. गोंगाटात तो स्वतःला विसरतो. हे मनाचं दुखणं आहे आणि यावर औषध आहे.

२१ ऑगस्ट, मंगळवार

औषध लागू पडलं. सरावाच्या मैदानावर मोठे भोंगे लावून गर्दीचा गोंगाट सोडला. एवढा, की शेजारच्या शाळेतून तक्रार आली. मुकी खूण लावली, आणि गिड्री एकदाही चुकला नाही. भोंगे बंद केले, पुकारा सुरू केला, की लगेच उशीर. बघा म्हणजे.

लँडिस कानांवर हात ठेवून उभा होता. "गेरी, घरच्या सामन्याला ऐंशी हजार लोकांना ओरडायला सांगू का मी? आपल्याच विरुद्ध?"

"हळूहळू आवाज कमी करत नेऊ. सवय होईल."

"तुला सुट्टी हवीये," तो म्हणाला.

ऑझी जाताना माझ्याकडे बघून मान हलवत होता. कौतुकाने असावं.

२२ ऑगस्ट, बुधवार

आता जे लिहितोय ते लिहायला हात उचलत नाही.

संध्याकाळी लोरेन भांडी विसळत होती, मी तिला दडपणाचा आणि गोंगाटाचा माझा सिद्धांत सांगत होतो. ती पाठमोरी काहीतरी बोलली. मी म्हटलं, "काय?" तिने नळ बंद केला, हात पुसले, माझ्यासमोर येऊन बसली आणि माझा चेहरा स्वतःकडे वळवला.

"त्या पोराला उजव्या कानाने ऐकू येत नाही, गेरी."

मी हसलो. ती हसली नाही.

"जेवायला आला तेव्हा खुर्ची बदलली. तू त्याच्या उजवीकडे होतास. टोकाला जाऊन बसला, सगळी माणसं डावीकडे येतील अशा बेताने. तू माझ्या बहिणीकडे हेच करतोस. मी म्हटलं होतं की तुला, अगदी तुझ्यासारखा बसतो म्हणून."

डाव्या टोकाला उभं राहिलं की हॅरिगनचा आवाज मागून, उजवीकडून येतो. कॉलेजात हा उजव्या टोकाला होता, आवाज डाव्या कानात जायचा. एवढं सोपं. मी निवडीच्या खोलीत मूठ आपटून त्याला बहिऱ्या बाजूला उभा केला.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला माहीत असेल. तू त्याचा कोच आहेस."

२३ ऑगस्ट, गुरुवार

खात्री करायची होती. सरावाआधी गिड्री बाकावर बसून बूट बांधत होता. मी मागून त्याच्या उजव्या खांद्याशी गेलो आणि साध्या आवाजात म्हटलं, "ओडेल, तुझी जागा पक्की झाली."

या एका वाक्यासाठी पोरगं मे महिन्यापासून घाम गाळतंय. त्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली, गाठ मारली. मान वर केली नाही. 

पलीकडे ऑझी उभा होता. त्याने ऐकलं होतं. तो मला बाजूला घेऊन गेला.

"आत्ता कळलं का तुम्हाला?"

"तुला कधी कळलं?"

"खुर्चीच्या दिवशीच. माझा भाऊ तसा आहे." मग खाली बघून म्हणाला, "पुकाऱ्याच्या शेवटच्या शब्दाला मी त्याच्या बुटावर भार टाकायचो. पाय हलवायचा नाही, नुसता भार. पोरगं झकास सुटायचं."

"मग?"

"मग तुम्ही रेघ मारलीत."

 हॅरिगन पडला तो माझ्या रेघेमुळे. त्या दोघांनी रस्ता काढला होता आणि मी चुन्याची गाडी घेऊन तो बंद केला, वर त्याचं कौतुकही या वहीत लिहून ठेवलं. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस.

"सांगितलं असतं तर तुम्हाला लँडिसला सांगावं लागलं असतं. आणि मी सुरुवात केली होती एकदा. तुम्ही म्हणालात, एक शब्द नको."

२४ ऑगस्ट, शुक्रवार

ओडेलशी बोललो. त्याच्या डाव्या हाताला बसलो. तो समजला. 

लहानपणी गालगुंड झालं होतं. ताप उतरला आणि तो कान गेला. "निवडीआधी डॉक्टरांची रांग होती, सर. गुडघे पिळून पाहिले, खांदे ओढले, छातीचे फोटो काढले. कानापाशी एक जण कुजबुजला, तेव्हा मी डोकं जरा फिरवलं."

"आम्हाला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर घेतलं असतं तुम्ही मला?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नसतं," मी म्हटलं.

"लँडिस सरांना नका सांगू. डावीकडे नाही तर मला जागाच नाही. आईने कोळंबीची बोट विकायला काढलीये, मी म्हटलं म्हणून."

मी त्याला एवढंच म्हटलं की पाठ हॅरिगनची आहे, आणि ज्याची पाठ आहे त्याला ठाऊक असलं पाहिजे.  तो उठून थेट कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि सगळ्या फळीसमोर हॅरिगनला सांगितलं. मी दारात होतो.

हॅरिगन टॉवेलने केस पुसत होता. थांबला. "कुठला कान?"

"उजवा."

"म्हणजे माझ्याकडचा."

"हो."

हॅरिगन टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर निघून गेला.  ओडेल तसाच उभा. मी त्याला खड्ड्यात ढकललं की काय, अशी धाकधूक लागून राहिली आहे.

२७ ऑगस्ट, सोमवार

लँडिसला सांगितलं. कान, बूट, रेघ, सगळं. रेघेवर जास्त जोर दिला. तो खिडकीतून मॉमी नदीकडे बघत होता.

"आणखी कोणाकोणाला माहीत आहे?"

"फळीला. हॅरिगनला. माझ्या बायकोला."

"म्हणजे प्रशिक्षक सोडून सगळ्यांना." तो वळला. "बुटावर भार, गेरी. ऑझीचा पाय मुरगळला तर? समोरच्यांनी चित्रफितीत पाहिलं तर?"

मग त्याने टेबलावरचं वेळापत्रक पुढे ओढलं. 

"गुरुवारी घरच्या मैदानावर शेवटचा सराव सामना आहे. त्यात खेळवतो. तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक देतो मागे. हॅरिगनला मी त्याच्यामागे उभा करणार नाही."

ते बरोबरच आहे. मीही तेच केलं असतं. संध्याकाळी मैदानावर गेलो, पाण्याची नळी लावली आणि ती पांढरी रेघ बुटाने घासघासून पुसली. हिरवं गवत पिवळं पडलं होतं तिथलं.

३० ऑगस्ट, गुरुवार

सामना संपवून आत्ताच आलो. 

सामन्याआधी हॅरिगन पूर्ण पोशाखात बाहेर आला. लँडिस म्हणाला, "तू बसणार आहेस." हॅरिगन म्हणाला, "पाठ माझी आहे. कोणाला राखायला द्यायची ते मी ठरवतो." आणि गेला मैदानात. लँडिसने माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपी सारखी केली.

लोक गप्प झाले. ऑझीचा बूट ओडेलच्या बुटाला टेकला. पुकारा. मी डोळे मिटले, हे वहीत कबूल करतो. उघडले तेव्हा समोरचा गडी ओडेलच्या हातांत अडकला होता आणि हॅरिगन निवांत उभा राहून कोणाकडे फेकावं याचा विचार करत होता.

दुसऱ्या सत्रात लँडिसने मुद्दाम ऑझीला बाहेर घेतलं. बघायचंच होतं त्याला. ऑझीच्या जागी आलं नवखं पोरगं, यादीत राहील की नाही याचा भरवसा नसलेलं.  ते पोरगं खाली वाकलं, आणि पुकाऱ्याआधी त्याने आपला डावा बूट हळूच सरकवून ओडेलच्या बुटाला लावला.

"याला कोणी सांगितलं?" लँडिसने विचारलं.

"मी. जूनमध्ये," ऑझी पाणी पीत म्हणाला. "त्या बाजूला जो कोणी उभा राहू शकतो त्या सगळ्यांना. आळीपाळीने सराव केलाय आम्ही, गाड्या ठेवतो तिथे."

 उरलेला सामना लँडिस फक्त बुटांकडे बघत होता.

१ सप्टेंबर, शनिवार

यादी लागली. ओडेल आहे. मीही आहे, निदान हंगाम संपेपर्यंत. ते नवखं पोरगं गेलं. त्याला सांगायची वेळ माझ्यावर आली, आणि ते मला दिवसभर लागून राहिलं. जाताना त्याने ओडेलचा हात बराच वेळ धरून ठेवला होता.

मी ओडेलच्या डावीकडे जाऊन नीट, मोठ्याने सांगितलं, "तुझी जागा पक्की झाली."

"माहीत आहे, सर. तुम्ही आधी एकदा सांगितलं होतंत ना. ऑझीने मला तेव्हाच सांगितलं."

"तेव्हा ते खरं नव्हतं," मी म्हटलं.

"हो, तेही सांगितलं त्याने."

९ सप्टेंबर, रविवार

हंगामाचा पहिला सामना, घरच्या मैदानावर.  समोरच्यांनी आमची चित्रफीत पाहिली असेलच. बूट कोणाच्या नजरेत भरला असेल की नाही, हे दुपारी कळेल. तेव्हा हॅरिगनची पाठ उघडी असेल, आणि तिच्यापुढे माझं पोरगं, एका कानाचं.

मोज्यांच्या खणातून ती डबी काढली. दाणा कानात बसेना, दोनदा खाली पडला. लोरेनला सांगितलं नाही. घातला आणि स्वयंपाकघरात गेलो. आधी नुसता नळ ऐकू आला, एवढा मोठा की दचकलो. मग फ्रिज. मग माझेच बूट.

ती नेहमीसारखी सिंककडे तोंड करून उभी होती. मी दार उघडलं. ती पाठमोरीच, रोजच्या आवाजात म्हणाली, "हरलास तरी घरी ये, गेरी. मी आहे."

मी दारात उभा राहिलो. किती वर्षं ती हे म्हणतेय ते विचारायची हिंमत झाली नाही. नळ चालू होता. ती माझ्या त्या ठरलेल्या उत्तराची वाट बघत होती.

"येतो," मी म्हटलं.

तिच्या हातातली बशी सिंकमध्ये पडली. फुटली नाही. कचरा न्यायचा मात्र राहून गेला.